पिस्टन काय सांगतो? जपानी टू-स्ट्रोक इंजिन प्रथमच उघडणाऱ्यांसाठी

जपानमधील हमामात्सु शहरातील एका प्राथमिक शाळेत १८८७ साली एक ऑर्गन बिघडला. परदेशातून आलेले ते वाद्य दुरुस्त करणारा कोणी तेथे नव्हता. वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती करणारा एक कारागीर बोलावण्यात आला. त्याने वाद्य उघडले, आतील तुटलेली स्प्रिंग शोधून काढली, वाद्य सुरू केले, आणि एवढ्यावर न थांबता आतील सर्व रचनेची चित्रे काढून ठेवली. त्या चित्रांवरून त्याने पुढे स्वतःचा ऑर्गन बनवला आणि एका सोबत्यासह खांद्यावर वाहून, हाकोनेचा घाट ओलांडून, टोकियोस नेला. त्या कारागिराचे नाव तोराकुसु यामाहा. बिघडलेली वस्तू कपाटात लोटून देण्याची शाळांची रीत आम्हां शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची असल्यामुळे ही हकीकत आम्हांस विशेष आवडते.

वाद्ये बनवणाऱ्या त्याच कंपनीतून १९५५ साली यामाहा मोटर ही वेगळी कंपनी निघाली. तिची पहिली मोटारसायकल वायए-१, १२५ सीसीची, जर्मन डीकेडब्ल्यू गाडीच्या धर्तीवर बनवलेली. होंडा आणि सुझुकी यांचा जन्मही याच हमामात्सु परिसरातला. होंडाचे १९४७ चे ए-टाइप इंजिन, सुझुकीचे १९५२ चे सायकलला जोडायचे छत्तीस सीसीचे पॉवर फ्री आणि यामाहाची वायए-१ ही तिन्ही टू-स्ट्रोकच. युद्धात बेचिराख झालेल्या देशाला थोड्या भागांचे, स्वस्त आणि सहज दुरुस्त होणारे इंजिन हवे होते.

कच्च्या वाटांसाठी जपानने खरी गाडी दिली ती १९६८ साली. यामाहा डीटी-१. सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पिस्टनची धाव ६४ मिमी, एकूण २४६ सीसी. आदल्या वर्षीच्या टोकियो मोटर शोमध्ये ती लोकांनी पाहिली होती. रस्त्यावरही चालेल आणि डोंगरातही चढेल अशी हलकी गाडी अमेरिकेतील ग्राहकांना हवी होती, ती गरज तिने भागवली. दहा वर्षांनी, १९७८ साली, अकिरा वातानाबे या जपानी स्वाराने सुझुकीवर १२५ सीसी गटाचे मोटोक्रॉस जगज्जेतेपद मिळवले. आपल्या बेटावरही उसाच्या मळ्यातील पायवाटांवर त्या घराण्यातील गाड्या पुष्कळांनी चालवल्या आहेत, आणि काही अजून घरामागच्या पडवीत गोणपाटाखाली पडून आहेत. त्यांतली एखादी उघडण्याचा बेत घरातील तरुण करतात तेव्हा वडीलधारी मंडळी म्हणतात, "नवा पिस्टन टाक आणि मोकळा हो." या सल्ल्याबद्दल आम्हांस थोडे लिहावयाचे आहे, कारण तो अर्धाच आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपांचा पसारा नसतो. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा-पेट्रोल ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच दाबून बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा भाताच होय. पेटी वाजवणाऱ्यास हे सांगावे लागणार नाही की भात्याला भोक पडले तर सूर चांगले असूनही उपयोग नाही. १९७२ पासून यामाहाने आपल्या गाड्यांत हवा आत येण्याच्या वाटेवर पातळ पात्यांची झडपही बसवली. आत ओढ लागली की पाती उघडतात, दाब आला की मिटतात.

आता पिस्टनकडे वळू. हेड व सिलिंडर काढल्यावर जुना पिस्टन लगेच टाकून देऊ नये, उजेडात धरून पाहावा. धूर बाहेर जाण्याच्या बाजूलाच उभे ओरखडे असतील तर इंजिन फार तापले किंवा तेल कमी पडले. चारही कोपऱ्यांवर ओरखडे असतील तर थंड इंजिन गरम होऊ न देता जोरात पळवले गेले, पिस्टन आधी फुगला आणि सिलिंडर मागे राहिला. हवा आत येण्याच्या बाजूची झिलई जाऊन ती खरबरीत झाली असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेली आहे. माथ्याला भोक पडले असेल तर मिश्रण, प्लग किंवा स्पार्कची वेळ यांपैकी काहीतरी चुकले आहे. यांतले कारण शोधल्यावाचून नवा पिस्टन टाकणे म्हणजे घरच्यांचे पैसे दुसऱ्यांदा जाळणे. आणि पैशांहून मोठी गोष्ट पुढे आहे. धावत्या गाडीत पिस्टन अडकला की मागचे चाक एकदम जाम होते. अशा वेळी तत्काळ क्लच दाबता आला पाहिजे, ही गोष्ट मुलांना गाडी देण्याआधीच शिकवावी.

पुष्कळ वेळा दोष पिस्टनचा नसतोच. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ते कडक होतात. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला की जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापून ओढला जातो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरचे तेल आत ओढले जाते, पांढरा धूर निघतो आणि तेलाची पातळी आपोआप उतरते. जाणते मिस्त्री इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत थोडी हवा भरतात, चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षाही किंचित कमी दाबाने, आणि काही मिनिटे काटा उतरतो का ते पाहतात. साबणाच्या पाण्याचा फुगा आला तेथे गळती. सबंध कामात ही परीक्षा सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच.

कनेक्टिंग रॉड हाताने वरखाली करून पाहावा, त्याला वरखाली खेळ मुळीच नको. बाजूला थोडा हलला तर चालतो. खेळ असेल तर क्रँक सुटा करावा लागतो, आणि ते प्रेसचे काम पहिल्याच खेपेस घरी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिलिंडर बोअर करावयाचा झाल्यास आधी पिस्टन आणावा, मग त्या पिस्टनच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावा. नवे पिस्टन पाव मिमीच्या पायऱ्यांनी मोठे मिळतात. हवेवर थंड होणाऱ्या अशा इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांमधली जागा मिमीच्या शंभराव्या भागात चार-पाच एवढीच, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ती नजरेने ठरत नाही, मायक्रोमीटरच लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतून घ्यावा. बोअर झाल्यावर खिडक्यांच्या कडा हलक्या मोडून घेतल्या नाहीत तर रिंग तेथे अडकते.

जपानी गाड्यांचे आणखी एक वैशिष्ट्य. त्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानच्या स्वतःच्या मानकाचे असतात. बाजारातला नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, डोकी झिजतात आणि लोक म्हणतात जपानी स्क्रू मऊ. मऊ नव्हेत, हत्यार वेगळे हवे.

बसवताना पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा. रिंगची तोंडे खाचेतल्या बारीक खिळ्यावर यावीत. गजन पिनच्या दोन्ही टोकांच्या तारेच्या कड्या प्रत्येक वेळी नव्या घ्याव्यात, आणि त्या घालताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. कडी आत पडली तर सारे पुन्हा उघडावे लागते.

यामाहाने १९६४ साली वायए-६ मध्ये आणलेला ऑटोल्यूब पंप तेल आपोआप पुरवतो, ही मोठी सोय. पण इंजिन उघडल्यावर त्याच्या नळीत हवा राहते आणि पहिली काही मिनिटे पिस्टन कोरडा पळतो. म्हणून पंपातली हवा काढावी, खुणा जुळवून केबल लावावी, आणि पहिल्या टाकीत थोडे टू-स्ट्रोक तेल मिसळूनच भरावे.

धुराच्या कायद्यांमुळे रस्त्यावरच्या बहुतेक टू-स्ट्रोक गाड्या १९९० च्या दशकाअखेर मागे पडू लागल्या. महाराष्ट्रात जाऊन आलेल्या वाचकांनी पाहिलेली आरएक्स-१०० तर १९९६ सालीच थांबली. मातीतल्या शर्यतींसाठी मात्र यामाहाने २०२२ साली वायझेड-१२५ नव्याने घडवून बाजारात आणली. तेव्हा ही विद्या आजही शिकण्याजोगी आहे.

इंजिन सुरू झाल्यावर प्रथम उभ्या उभ्याच गरम होऊ द्यावे, बंद करून पूर्ण थंड करावे, आणि असे दोन-तीनदा करावे. मग हेडचे नट थंड इंजिनावर पुस्तिकेतल्या मापाने पुन्हा तपासावेत. पहिले काही दिवस पूर्ण थ्रॉटल नको, लांब चढणही नको. पहिल्या फेरीवरून परतल्यावर प्लग काढून पाहावा. बदामी दिसला तर ठीक, पांढराफटक दिसला तर गाडी तेथेच उभी करावी आणि सीलपासून पुन्हा शोध सुरू करावा.