लेनिनच्या वर्गात बायबल

१९८८ साली सोव्हिएत संघाने शाळांतली इतिहासाची अंतिम परीक्षाच रद्द केली. पाठ्यपुस्तकात छापलेलं खरं नाही, हे सरकारलाच कबूल करावं लागलं होतं. मग मुलांना विचारायचं तरी काय? तीन वर्षांत देशच मोडला. गळ्यात लाल रुमाल बांधून पायोनियर या बालसंघटनेत जाण्याची शपथ संपली, कोमसोमोल ही तरुणांची संघटना विसर्जित झाली. सत्तर वर्षं नीतीचे धडे पक्षाच्या नावाने दिले गेले होते. पक्ष गेला आणि ‘चांगलं का वागायचं?’ असं एखाद्या मुलाने विचारलं, तर शिक्षकाकडे तयार उत्तर राहिलं नाही.

अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना रशियन शाळांची दारं उघडली गेली ती या पोकळीमुळे. नोव्हेंबर १९९२ मध्ये रशियाच्या शिक्षण मंत्रालयाने ‘को-मिशन’ या संघाशी करार केला. त्यात ८० हून अधिक इव्हँजेलिकल संस्था एकत्र आल्या होत्या. ज्या भूमीवर १९१८ च्या हुकुमाने शाळा चर्चपासून तोडली गेली, जिथे १९२९ च्या कायद्याने मुलांची धार्मिक मंडळं भरवायलाही बंदी घातली, तिथे मंत्रालयाने स्वतः पाहुण्यांना वर्गात बोलावलं.

कामाची रीत साधी होती. आधी शिक्षकांची काही दिवसांची शिबिरं व्हायची. त्यांत मुलांना वर्गात शिकवायचा ख्रिस्ती नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम समजावायचे आणि ल्यूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला ‘जीझस’ हा १९७९ चा चित्रपट दाखवायचे. मग मिशनची तुकडी त्या शहरात वर्षभर मुक्काम करायची, शिक्षकांचे छोटे गट जमवायची, दुभाष्याला सोबत घेऊन चर्चा करायची. आलेल्यांपैकी बहुतेक जण पाद्री नव्हते. ते आपापली कामं बाजूला ठेवून, खर्चाचे पैसे ओळखीपाळखीतून उभे करून आलेले सामान्य लोक होते. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. घोकंपट्टीला सरावलेल्या शाळेत कुणीतरी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणं, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती.

पण दोन्ही बाजूंना हवं होतं ते वेगवेगळं. मंत्रालयाला नीती हवी होती. मिशनऱ्यांच्या लेखी येशूवरच्या श्रद्धेवाचून नीतीला मूळच नव्हतं. हेतू फारसा झाकलेलाही नव्हता: चित्रपटाच्या शेवटी प्रेक्षकाला येशूचा स्वीकार करण्याचं आवाहन आहे. आणि १९९२ च्याच रशियन शिक्षण कायद्याने सरकारी शाळा धर्मनिरपेक्ष ठरवली होती.

माझा आक्षेप आहे तो इथे. शिबिरातला शिक्षक प्रौढ असतो. पटलं नाही तर उठून जाऊ शकतो, वाद घालू शकतो, चहा पिऊन घरी परतू शकतो. बाकावरच्या तेरा वर्षांच्या मुलीला ती मोकळीक नसते. तास सक्तीचा, समोर तेच शिक्षक जे उद्या गुण देणार, आणि शेजारी समुद्रापलीकडून आलेले हसतमुख पाहुणे. अशा खोलीत ‘मोकळी चर्चा’ म्हटली तरी ती एका बाजूला झुकतेच. विश्वासाबद्दल बोलू नये असं मी म्हणत नाही; मुलांना देवाबद्दल प्रश्न पडतातच, आणि ते दाबून टाकणारी सोव्हिएत शाळा काही आदर्श नव्हती. पण धर्माची माहिती देणं वेगळं आणि मुलाकडे होकार मागणं वेगळं.

मराठी मुलखाला हा पेच परका नाही. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा निर्णय त्यांचा होता. पण त्यांच्या पाठोपाठ गेलेल्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. श्रीपती त्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळांत ते द्यायचं तर संमती हवी, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची.

रशियात संमतीचा हा मुद्दा फारसा पुढे आलाच नाही. आवाज उठवला तो ऑर्थोडॉक्स चर्चने, आणि १९९५ च्या सुरुवातीला मंत्रालयाने करार मोडला. चर्चचा राग मला अर्धाच पटतो. मुलांवर धर्म लादला जातोय यापेक्षा तो परक्यांनी लादला, याचं दुःख त्यात अधिक होतं. करार मोडल्यावरही काम चालू राहिलं; १९९७ मध्ये को-मिशनने ते ठरल्याप्रमाणे आवरलं. त्याच वर्षी आलेल्या नव्या धर्मविषयक कायद्याने नवागत संप्रदायांवर बंधनं आणली, आणि २०१६ च्या दुरुस्त्यांनी मिशनरी काम आणखी आवळलं.

नीतीच्या तासाचा प्रश्न मात्र मंत्रालयाला सोडवावाच लागला. २०१२ पासून चौथीच्या वर्गासाठी देशभर एक विषय सक्तीचा झाला आणि त्यात सहा पर्याय दिले गेले: ऑर्थोडॉक्स, इस्लामी, बौद्ध आणि ज्यू संस्कृती, जगातले धर्म, आणि धर्मनिरपेक्ष नीतिशास्त्र. निवड पालकांनी करायची होती. पहिल्याच वर्षी सर्वाधिक पालकांनी शेवटच्या पर्यायावर खूण केली.