जुने इंजिन, घरची गाडी

मंडळी, घाट चढणारी जीप तुम्ही पाहता. मोटारसायकल तर आता पाड्यापाड्यांत आली आहे. या गाड्यांचा जीव कशात असतो? इंजिनात. इंजिन थकले की लोक म्हणतात, “गेली गाडी भंगारात!” पण थकलेले इंजिन पुन्हा उभे करता येते. त्यावर घरी गाडीसुद्धा बांधता येते.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचे ते जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार या कारागिराने जुन्या गाड्यांचे भाग जमवले आणि चार चाकांची छोटी जीप बनवली. खर्च आला सुमारे ६०,००० रुपये. मोटारसायकलसारखी किक मारली की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची बातमी देशभर झाली.

असे काम कसे होते ते आता पाहू.

घरातले उखळ-मुसळ आठवा. इंजिनातला सिलिंडर म्हणजे उखळ आणि पिस्टन म्हणजे मुसळ. पिस्टनला दट्ट्याही म्हणतात. मुसळ आपला हात चालवतो. दट्ट्याला मात्र पेट्रोलचा भडका ढकलतो. इंजिनाची कामे चार. हवा-पेट्रोल आत घ्यायचे, ते दाबायचे, प्लगच्या ठिणगीने पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा. बस्स, हेच पुन्हा पुन्हा.

दट्ट्या खालीवर होतो, मग चाक गोल कसे फिरते? दळताना हात पुढेमागे जातो, पण जाते गोल फिरते ना? तसेच हे. जात्याच्या खुंट्याचे काम इथे क्रँक करतो.

दट्ट्याभोवती लोखंडी रिंगा असतात. भडक्याचा जोर त्या निसटू देत नाहीत. रिंगा झिजल्या की जोर बाजूने निसटतो. गाडी चढावर दमते. खालचे ऑइल वर येऊन जळते आणि निळसर धूर निघतो. असा धूर सारखा निघू लागला, तर इंजिन खोलायची वेळ आली असे समजावे.

खोलताना घाई कामाची नाही. कोणता भाग कुठला, यावर खूण करावी. सगळे भाग धुऊन ओळीने मांडावेत. मग मापे घ्यावीत. डोळ्याला झीज दिसत नाही, मापाला दिसते. सिलिंडर झिजला असेल, तर कारखान्यात तो आतून बोअर करून घेतात. भोक मोठे झाले, म्हणून दट्ट्याही मोठा लागतो. पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा दट्ट्या बाजारात मिळतो.

नव्या रिंगेच्या दोन टोकांत बारीक फट ठेवतात. का बरे? तापल्यावर लोखंड वाढते. फट नसेल तर टोके एकमेकांवर दाबतात आणि रिंग अडकते. हेडचे बोल्टही एकदम आवळू नयेत. मधून बाहेर, थोडे थोडे करत आवळावेत. एवढे झाले की नवे ऑइल घालावे. पहिले काही दिवस गाडी सावकाश चालवावी. नवे भाग एकमेकांवर बसताना लोखंडाची बारीक पूड पडते. म्हणून ते पहिले ऑइल लवकर बदलावे.

आता दुचाकीचे इंजिन गाडीत घालायचे, तर तीन अडचणी येतात. पहिली, मोटारसायकलच्या इंजिनाला वारा थंड करतो. बॉनेटखाली वारा पोचत नाही, म्हणून पंखा लागतो. दुसरी, मोटारसायकलला मागे जायचा गिअर नसतो. तो वेगळा जोडावा लागतो. तिसरी, वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर वळताना एक चाक घासते. यासाठी मोटारीत डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते.

पण खरी परीक्षा पुढेच आहे. गाडी चालली म्हणजे काम झाले असे नाही. ती थांबलीही पाहिजे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला सुमारे चौपट जागा लागते. दुचाकीचा ब्रेक एक-दोन माणसांसाठी असतो. गाडीत घरची पाच माणसे बसली आणि पुढे जव्हारचा उतार आला, तर तो ब्रेक पुरेल का? इंजिन बंद पडले तर आपण चालत घरी येऊ. ब्रेक गेला तर?

म्हणूनच कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तपासणी आणि नोंदणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

लोहारांची गाडीही नियमांत बसत नव्हती. महिंद्र कंपनीचे आनंद महिंद्र यांनी ते बोलून दाखवले, पण कारागिरीचे कौतुकही केले. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने त्यांना नवी बोलेरो दिली. त्यांची गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या संग्रहासाठी घेतली.

तेव्हा ज्यांच्या हातात कसब आहे, त्यांनी जुने इंजिन जरूर खोलावे. माप घ्यायला शिकावे. त्या इंजिनावर विहिरीचा पंप किंवा भाताचे मळणीयंत्र चालवून पाहावे. गाडीच बांधायची असेल, तर आधी ब्रेकचा विचार करावा, मग इंजिनाचा.