इंग्रजी गतिवाचक व स्थानवाचक शब्दयोगी अव्ययांतील संदिग्धता

गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. डोंगरातील विस्तीर्ण नैसर्गिक गुहा हे तिचे मुख्य स्थान होय. या यात्रेचे इंग्रजी वर्णन लिहिणाऱ्याच्या लेखणीतून ‘द पिल्ग्रिम्स वॉक्ड इन द केव्ह’ असे वाक्य सहज उतरेल. यात्रेकरू गुहेच्या आत हिंडले, की बाहेरून आत शिरले? पहिला अर्थ अधिक संभवनीय. तथापि बोलण्यात ‘इंटू’च्या जागी ‘इन’ येत असल्यामुळे दुसरा सर्वस्वी त्याज्य ठरत नाही.

‘इंटू’ योजल्यास हा प्रश्न मिटतो खरा. परंतु ‘बिहाइंड’ व ‘अंडर’ यांना तसा जोडीदारच नाही. ‘द बॉय रॅन बिहाइंड द रॉक’ या वाक्याचे तीन अर्थ संभवतात: मुलगा खडकामागच्या जागेत धावत होता, धावत खडकामागे जाऊन पोचला, किंवा खडकामागून धावत पलीकडे गेला. स्थान, गंतव्य आणि मार्ग या तिन्हींस एकच शब्द. ‘रन’ हे क्रियापद केवळ गतीचा प्रकार सांगते, आणि अव्यय केवळ खडकाशी असलेला संबंध. उरलेला भार संदर्भावर पडतो. जर्मन भाषा अशा ठिकाणी विभक्ती बदलते. संस्कृतातही ‘ग्रामे वसति’ आणि ‘ग्रामं गच्छति’ हा भेद स्पष्ट आहे.

मराठी याबाबत निर्दोष आहे असे मानण्याची प्रवृत्ती आढळते, ती मात्र सयुक्तिक नव्हे. ‘गुहेत बसले’ व ‘गुहेत शिरले’ यांत सप्तमीचा प्रत्यय एकच. निवाडा क्रियापद करते. क्रियापदच दुहेरी असले की मराठीही अडखळते. ‘यात्रेकरू गुहेत चालले’ म्हणजे ते आत पायी हिंडले, की गुहेकडे निघाले? मार्ग मात्र मराठी निराळा दाखविते: ‘खडकामागे’ आणि ‘खडकामागून’. या सोयीचे मोल पंचमीत चुकवावे लागते. ‘गुहेतून गेले’ यात गुहा हा मार्ग असू शकतो किंवा प्रस्थानाचे ठिकाण. इंग्रजीत तेथे ‘थ्रू’ व ‘फ्रॉम’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. नागपूर-हावडा लोहमार्गावरील स्थानकाच्या संबंधात ‘दरेकसाहून आले’ आणि ‘दरेकसावरून आले’ असा फरक बोलणारे करतात, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच.

म्हणजे संदिग्धता दोन्ही भाषांत आहे. तिची जागा वेगळी. भाषांतरकाराची खरी अडचण येथेच उद्भवते. मिरवणूक ‘अंडर द रॉक’ गेली अशी नोंद इंग्रजी टिपणात असेल, तर मराठीत ‘खडकाखाली’ किंवा ‘खडकाखालून’ यांपैकी एक निवडणे प्राप्त होते. पहिल्याने खडक हे पोचण्याचे ठिकाण ठरते, दुसऱ्याने केवळ वाटेवरचा टप्पा. आणि विधीच्या अभ्यासकास हा भेद क्षुल्लक नाही. मूळ नोंदीने न घेतलेला निर्णय भाषांतर नकळत घेऊन टाकते. स्थळाची पाहणी अथवा यात्रेकरूंकडे चौकशी शक्य नसल्यास दोन्ही पर्याय तळटीपेत द्यावेत.