ट्रॉलीचे मागील दिवे : बिघाड शोधण्याची सोपी रीत

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची ये-जा रात्रंदिवस चालू राहते. ट्रॅक्टरचे पुढील दिवे चालकाच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे ते बिघडले तर त्याच्या ताबडतोब ध्यानात येते. ट्रॉलीचे मागील दिवे मात्र त्यास दिसत नाहीत. ते विझलेले असले तर अंधारात उभी किंवा संथ जाणारी ट्रॉली मागून येणाऱ्यास अगदी जवळ आल्यावरच दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. यावरून मागील तांबड्या दिव्याचे मोल ध्यानात यावे.

प्रवाहाचा मार्ग

बहुतेक ट्रॅक्टरांची बॅटरी १२ व्होल्टची असते. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूज, बटण, सॉकेट व प्लग यांमधून ट्रॉलीच्या तारेत येतो, बल्ब पेटवितो आणि पुन्हा बॅटरीकडे परततो. परतीच्या या मार्गास 'अर्थ' म्हणतात. जाण्याचा किंवा येण्याचा यांपैकी कोणताही एक मार्ग तुटला तरी दिवा लागत नाही. बिघाड शोधताना जाणाऱ्या तारेकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु पुष्कळ वेळा दोष अर्थमध्येच असतो.

दोष ट्रॅक्टरात की ट्रॉलीत?

प्रथम हे ठरवावे. त्यासाठी १२ व्होल्टच्या लहान बल्बास दोन तारा जोडून तपासणीचा दिवा तयार करावा. ट्रॉलीचा प्लग काढून दिव्याची एक तार ट्रॅक्टरच्या स्वच्छ, रंगविरहित लोखंडास लावावी व दुसरी सॉकेटमधील एकेका टोकास लावून पाहावी. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने दिव्याचे बटण, ब्रेक व दिशादर्शक दिव्यांचे बटण क्रमाने चालू करावे. प्रत्येक वेळी योग्य त्या टोकावर दिवा लागला तर ट्रॅक्टरकडून प्रवाह येत आहे. यानंतर पहिली तार लोखंडाऐवजी सॉकेटमधील अर्थच्या टोकास लावावी. आता दिवा लागला नाही तर सॉकेटची अर्थ तुटली आहे असे समजावे. ही दोन्ही परीक्षणे ठीक निघाली तर दोष प्लगमध्ये किंवा ट्रॉलीत आहे.

लक्षणावरून कारण

१. एकच दिवा लागत नाही : बल्ब जळाला असेल किंवा होल्डरमध्ये गंज चढला असेल. बल्ब काढून पाहावा व होल्डर पॉलिश कागदाने घासावा.

२. ब्रेक दाबताच मागील दिवे मंद होतात, किंवा दिशादर्शक दिव्याबरोबर इतर दिवेही लुकलुकतात : हे खराब अर्थचे ठळक लक्षण होय. परतीचा मार्ग न मिळाल्यामुळे प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.

३. ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचेही ब्रेकचे दिवे लागत नाहीत : ब्रेकचे बटण किंवा त्याचा फ्यूज तपासावा.

४. फ्यूज वारंवार जातो : कोठेतरी सोललेली तार लोखंडास टेकत आहे. प्लग काढल्यावर फ्यूज टिकला तर दोष ट्रॉलीत आहे. उभ्या स्थितीत फ्यूज टिकून चालताना जात असेल तर हुकाजवळ व उचलणाऱ्या ट्रॉलीच्या बिजागरीजवळ तार घासली आहे काय, ते पाहावे.

दुरुस्ती करताना

पुष्कळ ट्रॉल्यांत प्रवाहाचा परतीचा मार्ग हुकावरच सोपविलेला असतो. हूक सैल, गंजलेला व ग्रीसने माखलेला असल्यामुळे तो भरवशाचा नाही. म्हणून प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र जाड तार न्यावी. तारांचे जोड नुसते पिळून सोडू नयेत. ते घट्ट करून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी. तारेच्या रंगावर विसंबू नये. पूर्वीच्या दुरुस्तीत रंग बदललेले असू शकतात.

मागील दिवा व ब्रेक यांसाठी एकच दुतारी बल्ब असेल तर त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या कमीअधिक उंचीवर असतात. तो बळाने उलट बसवू नये आणि त्याऐवजी एकतारी बल्बही घालू नये. एलईडी दिवा बसविताना धन व ऋण तारा उलट झाल्यास तो लागत नाही.

फ्यूजऐवजी जाड तार किंवा चांदी कागद कदापि वापरू नये. तसे केल्यास फ्यूज शाबूत राहतो, पण तारच तापून तिचे वेष्टन पेटते. आणि ट्रॉलीत वाळलेले पाचट किंवा कडबा असतो, हे विसरता कामा नये.

दोन ट्रॉल्या व भरलेला ऊस

एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या असतील तर पुढील ट्रॉलीचे दिवे मागील ट्रॉलीने झाकले जातात. म्हणून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत तार नेणे अत्यावश्यक आहे. उसाची लोंबणारी टोके दिव्यांवर येऊ देऊ नयेत. चमकणारी तांबडी पट्टी अवश्य लावावी. पण मागील वाहनाचा प्रकाश पडेल तेव्हाच ती चमकते, सबब ती दिव्याची जागा घेऊ शकत नाही. वाटेत ट्रॉली नादुरुस्त झाल्यास तिच्यामागे ठेवलेले दगड निघताना रस्त्यावरून न विसरता दूर करावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एके सायंकाळी गावातील सर्व ट्रॉल्या एकत्र आणवून दिव्यांची तपासणी करावी. चालकांनीही दररोज निघण्यापूर्वी मागे जाऊन दिवे स्वतः पाहावेत. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि त्यायोगे घरी परतणाऱ्या एखाद्या वाटसरूचे प्राण वाचतात.