जुनी जग्वार विकत घेताना

पैनगंगेच्या दक्षिणेस, मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा ज्याच्या बाजारात सहज ऐकू येतात, त्या बोथ परिसराचा ब्रिटिश बनावटीच्या राजेशाही मोटारींशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. परंतु १९४८ पर्यंत ज्या आसफजाही राजवटीचा अंमल या मुलखावर होता, त्याच राजवटीचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसकडे मागणी नोंदवलेली आणि बार्कर कंपनीने सजवलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट, १९११ साली त्यांचे निधन झाल्यामुळे पुत्र उस्मान अली खान यांच्या सेवेत रुजू झाली व समारंभांपुरतीच बाहेर काढली जाऊन आयुष्यात फार थोडी धावली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात प्रेक्षकांना पाहावयास मिळते.

संग्रहालयातील मोटार आणि विक्रीस निघालेली मोटार यांत मात्र मूलभूत भेद आहे. पहिलीकडे आपण पाहतो, दुसरीची जबाबदारी आपल्यावर येते. या दुसऱ्या प्रकारात जग्वार एक्सजे६ ही चार दारांची सलून विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १९२२ साली ब्लॅकपूल येथे मोटारसायकलींचे साइडकार बनविण्याच्या उद्योगात भागीदार म्हणून उतरलेल्या विल्यम लायन्स यांनी जी मोटारकंपनी उभारली, तिला १९४५ मध्ये जग्वार हे नाव मिळाले. आणि १९६८ साली आलेली एक्सजे६ ही लायन्स यांच्या सौंदर्यदृष्टीची परिणत निर्मिती होती. तिच्यातील सहा सिलिंडरांचे एक्सके इंजिन १९४८ पासून कसोटीस उतरलेले होते. २००८ मध्ये टाटा मोटर्सने ही कंपनी लँड रोव्हरसह २३० कोटी डॉलरांस विकत घेतली आणि पुढे पुण्यात जग्वार मोटारींची जुळणी होऊ लागली, त्यामुळे या नावाशी मराठी माणसाचे नाते आता केवळ कौतुकाचे राहिलेले नाही.

अशी मोटार ‘उत्तम राखलेली’ आहे, असे विक्रेता म्हणतो तेव्हा ग्राहकाने रंगाच्या तकाकीने, अक्रोडाच्या लाकडी फळीने किंवा कातडी आसनांच्या सुवासाने मोहित न होता प्रथम वाकून खाली पाहावे. या मोटारीचे बळ तिच्या पत्र्याच्या सांगाड्यातच असल्यामुळे दाराखालचे उंबरे गंजले असतील, तर वरचा सारा थाट व्यर्थ होय. पुट्टी भरून दुखणे झाकले असल्यास चुंबक तेथे चिकटत नाही. मागच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या दोन स्वतंत्र टाक्या असतात, त्याही आतून गंजतात. मागच्या चाकांचे डिस्क ब्रेक चाकांजवळ नसून मध्यभागी डिफरन्शियलला लागून बसविलेले असल्याने त्यांची दुरुस्ती खर्चाची व कष्टाची असते, आणि म्हणूनच आळशी मालक ती टाळीत आलेला असतो. इंजिन थंड असताना सुरू करावे, टायमिंग चेनचा खडखडाट ऐकावा आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर टिकते की नाही हे पाहावे.

मोटार वर्षानुवर्षे उभी ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहिली, ही समजूत भ्रामक आहे. उभ्या मोटारीचे रबरी भाग कडक होतात, ब्रेकच्या द्रवात ओलावा शिरतो, कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. म्हणून कमी मैल धावलेल्या मोटारीपेक्षा नियमित चालविलेली आणि वेळोवेळी दुरुस्त केलेली मोटार अधिक भरवशाची समजावी.

तरीही अंतिम कसोटी दस्तऐवजांचीच. १९५६ साली इस्लापूर मंडळ बोथ तालुक्यातून निघून मुंबई राज्यात गेले, पण सीमा बदलली तरी जमिनीचा हक्क कागदाच्या आधारावरच टिकतो. येथील शेतकरी जसा १९५४-५५ ची खासरा पहाणी, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढून पाहिल्यावाचून जमिनीचा सौदा करीत नाही, तशीच मोटारीची मालकीची परंपरा, आयातीचे कागद आणि चासी व इंजिनचे क्रमांक यांची नोंदणीपुस्तकाशी शहानिशा करावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मूलगामी फेरबदल न झालेल्या वाहनास ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची खास नोंदणी मिळते. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून मुदत दहा वर्षांची असते. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, देखभाल वा इंधन भरणे अशा कामांपुरतेच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी नव्हे.

तेव्हा ज्याला रोजच्या प्रवासासाठी वाहन हवे आहे, त्याने या मोहात पडू नये. परंतु ज्याच्यापाशी जाणकार मिस्त्री, छपराची कोरडी जागा, दरवर्षीच्या खर्चाची तजवीज आणि धीर आहे, त्याने निर्दोष कागदांची, गंजरहित सांगाड्याची मोटार थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी, आणि घेतल्यानंतर प्रत्येक दुरुस्तीची पावती पुढच्या मालकासाठी जपून ठेवावी.