कोवळे ऊन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि व्याधिक्षमत्व

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा कामगार सकाळी घरी परततो आणि भर दुपारी झोपलेला असतो. उन्हाची ददात नसलेल्या सांगली जिल्ह्यात राहूनही त्याच्या त्वचेला ऊन लागत नाही. असा रुग्ण वारंवार होणारा प्रतिश्याय आणि अंगदुखी सांगू लागला की आपण वैद्यमंडळी सहज म्हणून जातो, ‘सकाळचे कोवळे ऊन घ्या.’ सल्ला सुखद आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी मात्र तो फारसा उपयोगाचा नाही. प्रस्तुत लेखकानेही तो वर्षानुवर्षे दिला आहे.

त्वचेत हे जीवनसत्त्व निर्माण करणारे अतिनील-ब किरण सूर्य क्षितिजालगत असताना वातावरणातच बहुतांशी अडतात. ते पुरेसे मिळतात साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत, तेही उघड्या त्वचेवर. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. यकृत व वृक्क यांतून सक्रिय झालेले ‘ड’ अस्थींच्या कामी येते. शिवाय भक्षक पेशी ते स्वतःही सक्रिय करतात आणि त्याच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवितात. विषाणुप्रतिकाराशी असलेला संबंध हा असा आहे.

चक्रपाणिदत्ताने व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले: व्याधीच्या बळाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीला प्रतिबंध. ‘ड’ यांपैकी काय साधते? २०१७ साली २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात श्वसनमार्गाच्या संसर्गापासून थोडे संरक्षण दिसले. ते मुख्यतः तीव्र कमतरता असलेल्यांत आणि दररोज वा दर आठवड्याला मात्रा घेणाऱ्यांत. २०२५ च्या सुधारित विश्लेषणात तेवढाही निश्चित लाभ उरला नाही. ब्राझीलमध्ये करोनाच्या रुग्णांना दोन लाख एककांची एकच मात्रा दिली, तरी रुग्णालयातील मुक्काम घटला नाही (२०२१). तात्पर्य, कमतरता भरून काढणे योग्य. ज्याला ती नाही त्याचे बळ त्याने वाढेल, असे म्हणण्यास आधार नाही.

औषधी दुकानदार बंधूंना यात मोठे काम आहे. साठ हजार एककांचे पाकीट आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून तृष्णा, छर्दी, मलावष्टंभ आणि अखेर वृक्कहानी होऊ शकते. चिठ्ठीविना तेच पाकीट पुन्हा मागणाऱ्यास आधीची किती झाली, हे विचारावेच.

आतपसेवनासही मर्यादा आहे. चरकाचार्यांनी आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत केली आहे, हे आपण विसरतो. कृश, पित्तप्रकृती रुग्णास भर दुपारी उभे करणे अयुक्तच. इतरांना सुट्टीच्या दिवशी दहा-साडेदहाच्या सुमारास, हात-पाय उघडे ठेवून, त्वचा लाल होण्यापूर्वी सावलीत यावयास सांगावे. सावळ्या त्वचेस वेळ अधिक लागतो. रात्रपाळीच्या कामगारास तेवढेही जमत नसेल, तर रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी.