गोणाईचा नामा

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून सारेजण त्याला नर्सी नामदेव म्हणतात. आषाढीची वारी करून परतलेले वारकरी पुढच्या एकादशीला येथे परतवारीला येतात. नामदेवांच्या नावाचा गजर होतो. पण ज्या माउलीच्या हाताखाली नामदेव घडले, त्या गोणाईची आठवण कितीजण काढतात?

नामदेवांचा जन्म १२७० सालचा. वडील दामाशेटी शिंपीकाम करीत. घरात पंढरीची वारी होती, पुढे हे कुटुंब पंढरपुरातच राहिले. नैवेद्याची गोष्ट तर लहान लेकरांनाही ठाऊक आहे. दामाशेटी घरी नव्हते, म्हणून गोणाईने नैवेद्याचे ताट छोट्या नाम्याच्या हाती दिले आणि त्याला राउळात धाडले. नामा देवापुढे बसला. देव जेवेना, तेव्हा पोर रडकुंडीला आले, पायरीवर डोके आपटू लागले. शेवटी देव जेवला, असे सांगतात.

गोष्ट खरी की खोटी, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. मला त्यातले एवढेच मोठे वाटते, की ताट देताना गोणाईने ‘अरे, देव काही खरोखर जेवत नसतो’ असे लेकराला सांगितले नाही. त्याने आईचा शब्द जसाच्या तसा धरला. गंमत अशी, की रिकामे ताट घेऊन पोरगा घरी आला, तेव्हा आईलाच ते खरे वाटेना!

पुढे हीच श्रद्धा तिच्या अंगावर आली. नामा मोठा झाला, राजाईशी लग्न झाले, नारा, विठा, गोंदा, महादा अशी चार मुले झाली. पण त्याचे लक्ष कापडात लागेना. उठला की राउळात, नाही तर कीर्तनात. घर चालायचे कसे? गोणाईच्या नावाचे अभंग गाथेत आहेत. त्यांत ती थेट विठ्ठलाशीच भांडते, माझा लेक मला परत दे म्हणते. तिला कोणी हसू नये. कर्ता मुलगा शेताकडे फिरकत नाही आणि चूल तर रोज पेटवावी लागते, अशा घरातल्या बाईला तिचे दुःख कळेल.

नामदेव पुढे उत्तरेत गेले. पंजाबात घुमान येथे त्यांचे मोठे स्थान आहे. शिखांचा पवित्र ग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला. आज गुरू ग्रंथसाहिब म्हणून पूजल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. वाचकहो, आपल्या भागातल्या शिंप्याच्या घरची गोष्ट किती लांब गेली पाहा. त्यातल्या एका पदात नामा देवापुढे दुधाची वाटी ठेवतो आणि देव ते दूध पितो. नैवेद्याचे ताट गेले, दूध आले, भाव तोच. दुसऱ्या पदात मन हा गज आणि जीभ ही कात्री करून ते देवाचे नाव शिवत बसतात. दुकान सुटले, धंदा काही सुटला नाही.

आणखी एक पद आहे, ते वाचताना पोटात कालवते. सुलतान नामदेवांना बांधून म्हणतो, मेलेली गाय उठव, नाही तर जीव घेईन. नामदेवांची आई रडत सांगते, बाबा, राम सोड, खुदा म्हण, पण जगून राहा. नामदेव उत्तर देतात, तर मग मी तुझे लेकरू नाही आणि तू माझी आई नाहीस. किती कठोर बोल! नैवेद्याचे ताट हाती देणारीही तीच होती. मला यात तिची श्रद्धा कमी दिसत नाही. लेकाच्या जिवापुढे आईला दुसरे काही दिसले नाही, इतकेच.

पण मन देवापाशी कसे ठेवावे हे सांगताना नामदेवांना आईच आठवते. एका पदात पतंग उडवणारा पोरगा आहे. मित्रांशी बोलत असला तरी त्याचे ध्यान दोरीत असते. पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसत-खिदळत येणाऱ्या पोरी आहेत. आणि एक आई आहे. पाळण्यात लेकरू निजवून ती आत-बाहेर कामाला लागते. हात कामात, चित्त पाळण्याशी.